जुन्या मालकाचा वास

पवनीत लक्ष्मणरावांना न ओळखणारा एखादा माणूस सापडेलही, पण त्यांच्या नाकाची कीर्ती ज्याच्या कानावर गेली नाही असा सापडायचा नाही, कारण ती ते स्वतःच सांगत फिरतात. वडील मागावर बसले, लक्ष्मणराव गादीवर बसले, आणि कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विकण्यात जन्म गेला. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते लुगड्याच्या दशीतला एक धागा ओढणार, काडी पेटवून तो जाळणार, डोळे मिटून वास घेणार आणि मग निकाल देणार. केस जळाल्यासारखा वास आला तर अस्सल कोसा. कागदासारखा आला तर कोणीतरी कोणाला तरी फसवलेलं आहे. गिऱ्हाईक हरखून जायचं. आपलं नाक सरकारनं ताब्यात घेऊन कचेरीत बसवायला पाहिजे होतं, असं लक्ष्मणरावांचं प्रामाणिक मत आहे.

या परीक्षेचा एक फायदा असा की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम माचिस असायची आणि तिच्याबद्दल कोणी काही विचारू शकत नव्हतं. धंद्याची वस्तू. मध्यंतरी छातीत खोकला बसला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरनं सिगारेट बंद करायला सांगितली. लक्ष्मणरावांनी घरी येऊन देवापुढे उभं राहून, एकुलत्या एका मुलीच्या, रुचिकाच्या, डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. सगळ्या गल्लीला बोलावलं होतं, पेढेही वाटले. त्या दिवसापासून सिगारेट सुटली हे लक्ष्मणराव सोडून सगळ्यांना खोटं वाटत आलं आहे. दुकानाच्या मागच्या बोळीत दिवसातून अनेकदा त्यांना महत्त्वाचं काम निघायचं आणि तिथून परत येताना ते वेलची चघळत यायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, शेट मोठे शौकीन आहेत.

मी त्यांच्या समोर राहते. दाराशी मशीन टाकून ब्लाऊज शिवते. त्यांच्या दारासमोरच्या नालीवरचं झाकण फुटलेलं आहे, म्हणून त्यांनी गाडी घेतली तेव्हा ती माझ्या दारासमोर उभी राहायला लागली. मला कोणी विचारलं नाही. माझ्या मशीनवर पडणारा सकाळचा उजेड त्या दिवसापासून गाडीच्या टपावर पडतो आणि मी बल्ब लावून काजं करते. तेव्हा पुढे जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि त्याहून जास्त माझ्या नाकासमोर.

गाडी जुनीच, पांढरी, कारध्याच्या भोजराजकडून घेतलेली. भोजराजचं बिछायत केंद्र आहे. लग्नाचे मांडव, गाद्या, खुर्च्या, डेगी तो जिल्हाभर पुरवतो. गाडी घेण्याचं कारण मात्र चांगलं होतं आणि ते मी चांगल्या मनानं सांगते, कारण पुढे चांगलं सांगण्यासारखं थोडंच आहे. रुचिका भंडाऱ्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं लेकरू आजोळी यायचं, ते एसटीत कोणाच्या कोपराखाली चेंगरून नाही, आजोबाच्या गाडीतून यायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला लागली होती. गाडी चालवणं ते या वयात शिकले. शिकताना आमची तुळस गेली.

पण गाडी घेतली आणि त्यांना चार दारांची एक खोलीही मिळाली. काचा वर, एसी सुरू, आत कोणी नाही. दुकानामागच्या बोळीत उभं राहून ओढणं आता त्यांच्या प्रतिष्ठेला शोभेना. ते गाडी घेऊन वैनगंगेच्या घाटावर जायचे, इंजीन ऐकायला. इंजीन ऐकून आले की गाडीचं दार उघडताच माझी शिवण जागेवर थांबायची.

सातव्या महिन्यात ओटीभरण ठरलं आणि रुचिकाला आणायला लक्ष्मणराव भंडाऱ्याला गेले. जाताना एकटेच होते. रस्ता मोकळा, मन आनंदात, आणि आनंदात माणसाचा हात खिशात जातोच. परत येताना मागच्या सीटवर पोटुशी पोर. अड्याळ यायच्या आधीच तिला मळमळलं, अड्याळला गाडी थांबवून ती उलटी करून आली, आणि तिथून पवनीपर्यंत डोकं खिडकीबाहेर काढून बसली. घरी उतरली तेव्हा ओटी भरायच्या पोरीच्या तोंडावर बोटभर धूळ होती. शोभाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, पदरानं तिचं तोंड पुसलं. रुचिकानं आरडाओरडा केला नाही. पायरीवर बसून पाणी प्यायली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, माझं लेकरू मी या गाडीत बसवणार नाही. वास गेला तर पाहू."

लक्ष्मणरावांनी एक क्षण गाडीकडे पाहिलं, एक क्षण आकाशाकडे, आणि म्हणाले, "तो भोजराज लय ओढत होता नं."

कोणी काही म्हटलं नाही. शोभाताईसुद्धा नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. नंतर एकदा ब्लाऊजचं माप द्यायला बसली असताना मी तिला सरळच विचारलं की तुला वास येत नाही काय. ती म्हणाली, नाक माझंही आहे. पण शपथ पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. ती मोडली असं माझ्याच तोंडून निघालं तर जे काय व्हायचं ते पोरीच्या डोक्यावर जाईल, आणि पोर अशी दोन जिवांची. म्हणून त्या घरात सगळ्यांनी मिळून तो वास जुन्या मालकाच्या नावावर करून टाकला होता. सातबारा बदलायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, हे काम एका वाक्यात झालं. मला हसू आलं नाही. मी तिचं माप घेतलं.

मग सुरू झाली भोजराजचा वास काढण्याची मोहीम. पहिले गाडीची चारही दारं उघडून तिला उन्हात ठेवलं. दोन दारं माझ्या ओट्यावर उघडत होती, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांना गाडीच्या आतून ये-जा करावी लागली. मग मोबाइलवर पाहून कोळसा आणला आणि टोपलीत भरून सीटखाली ठेवला. वळणावर टोपली लवंडली. मग लिंबं कापून ठेवली, ती वाळून चामड्यासारखी झाली. शोभाताईंनी धूप घातला, म्हणजे धुराचा वास काढायला धूर केला. शेवटी लक्ष्मणरावांना आपला पिढीजात इलाज आठवला. कापडाच्या व्यापाऱ्याला कोणत्याही वासावर एकच औषध ठाऊक असतं. त्यांनी डांबरगोळ्यांची अख्खी पिशवी गाडीत रिकामी केली. आता गाडीचं दार उघडलं की लोखंडी पेटीत कपड्यांसोबत कोणीतरी सिगारेट ओढणारा माणूस कोंडून ठेवला आहे असं वाटायचं.

प्रत्येक इलाजानंतर गाडी थोडी सुधारायची, हे मला मान्य करायला पाहिजे. आणि ती सुधारली की लक्ष्मणरावांना इतकं समाधान वाटायचं की ते लगेच घाटावर इंजीन ऐकायला जायचे.

रुचिका सासरी परतली होती. डॉक्टर भंडाऱ्याचीच, म्हणून बाळंतपण तिथे आणि नंतर सव्वा महिना माहेरी असं ठरलेलं. एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा लक्ष्मणराव माझ्या ओट्यावर बसून पुसणी पिळत होते. फोन त्यांनी स्पीकरवर लावला. गाडीची प्रकृती कशी सुधारते आहे ते सांगितलं. पलीकडून पोरीचा आवाज आला, थकलेला.

"बाबा, सोडा नं आता. कितीदा सांगू? तुम्ही सोडा, वास आपोआप जाईल."

मी ऐकलं. समोर दारात उभ्या असलेल्या शोभाताईंनी ऐकलं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. लक्ष्मणरावांनी फोन खिशात ठेवला, पुसणी झटकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "सोडा," ते म्हणाले. "पोरगी शिकली आहे. मले सुचलंच नाही."

त्यांना खरंच तसं ऐकू आलं की फोन खिशात जाईपर्यंत त्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पोरीच्या तोंडचं ते क्रियापद होतं. लक्ष्मणरावांनी त्याचं किराणा सामान केलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी पवनीतल्या दुकानांतला खाण्याचा सोडा गोळा केला. एका किराणावाल्यानं, भाऊ, भज्याचं हॉटेल टाकून राहिले काय, असं विचारलं म्हणे. सीटवर, पायपुसण्यावर, मागच्या डिक्कीत, जिथे हात पोचला तिथे सोडा पसरला. बाकी लोक तो रात्रभर ठेवून सकाळी झटकून टाकतात. पण लक्ष्मणरावांना वाटलं, कोरडा सोडा काय करणार, त्याला जरा ओल पाहिजे. त्यांनी वरून पाणी शिंपडलं. सकाळी सीटवर पापडी धरली होती. तुम्ही बसा, उठा, ती तुमच्यासोबत उठायची.

त्याच दिवशी त्यांना लाखांदूरला एका लग्नाला जायचं होतं. अंगात काळी पँट. गाडीतून उतरून मांडवात शिरले तेव्हा मागून ते मिठाईच्या दुकानात पिठीसाखरेच्या परातीत बसून आल्यासारखे दिसत होते. लोकांनी विचारलं, हे काय झालं. आता खरं तर माणसानं ओलं फडकं मागावं आणि गप्प बसावं. पण लक्ष्मणरावांनी सगळी कथा सांगितली. भोजराज कसा एका सिगारेटवर दुसरी पेटवतो, त्याच्या गाडीच्या छतातून धूर कसा टपकतो, आपल्या गर्भार लेकीला त्यापायी कसा त्रास झाला, आणि आपण केवढा मनस्ताप सोसतो आहोत. सांगता सांगता डोळे भरून आले. पंगतीतल्या बायकांनी भोजराजला शिव्या दिल्या. मांडव कोणाचा होता ते त्यांनी वर पाहिलं असतं तर कळलं असतं. झालरीवर मोठ्या अक्षरात भोजराज बिछायत केंद्र, कारधा, असं लिहिलं होतं.

भोजराज दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर पवनीला आला. साधा, बारीक माणूस, पांढरा सदरा, कपाळ घामानं भिजलेलं. सरळ माझ्या दारासमोर गाडीजवळ येऊन उभा राहिला, कारण ती गाडी त्याला ओळखीची होती. गल्ली गोळा झाली. लक्ष्मणराव दुकानात जायला निघाले होते, ते पायरीवरच थांबले.

"लक्ष्मणराव, मी मार्गातला माणूस आहो जी," भोजराज म्हणाला. "माह्या घरी विडी नाही, तंबाखू नाही, दारू त दूरच. तुमी लाखांदुराले काय सांगून आले?"

आमच्याकडे मार्गातला म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सगळी व्यसनं देवापुढे ठेवून बाहेर पडलेली ही माणसं. त्यांच्या लग्नात सुपारीसुद्धा फिरत नाही, आणि असली सगळी लग्नं भोजराजच्याच मांडवाखाली लागतात. त्याच्या धंद्याचा पाया त्याच्या तोंडाचा स्वच्छ वास आहे असं म्हटलं तरी चालेल. लक्ष्मणरावांना चाळीस कोसांत दोष द्यायला दुसरा माणूस मिळाला नाही.

त्यांनी घसा साफ केला आणि कायद्याचा मुद्दा काढला. मग गाडीत हा वास आला कुठून, असं त्यांनी भोजराजलाच विचारलं. भोजराजला हा प्रश्न रास्त वाटला. त्यानं गाडीचं दार उघडलं, आत डोकं घालून बराच वेळ हुंगलं, बाहेर आला आणि दोन पावलं लक्ष्मणरावांकडे चालत गेला. तिथे पुन्हा एकदा हुंगलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"हा त ताजा आहे जी."

लक्ष्मणराव म्हणाले की धंद्यापायी त्यांना धागे जाळावे लागतात, त्याचा वास कपड्यांना लागतो, आणि कपड्यांमधून तो गाडीत जातो. हे ते रुबाबात बोलले. मला वाटतं गल्लीनं ते मानलंही असतं, कारण आम्ही इतकी वर्षं मानत आलो होतो. पण शोभाताई हातात भोजराजसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"गाडीत कोणाचं लुगडं जाळून पाहत होते तुमी?" ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही. तांब्या भोजराजच्या हातात दिला, त्याची माफी मागितली आणि आत गेली. भोजराज पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला की पुढच्या लग्नात चारचौघांत खरं सांगा, मला बाकी काही नको. लक्ष्मणरावांनी ते कबूल केलं आणि पाळलंही. पुढच्या लग्नात ते पंगतीत उभे राहून म्हणाले की गाडीतला वास भोजराजचा नव्हता. मग कोणाचा, असं कोणीतरी विचारलं. तपास सुरू आहे, असं त्यांनी सांगितलं.

घरात मात्र त्यांनी मान खाली घातली. शोभाताईंनी मला नंतर सांगितलं, ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, आजपासून गाडीत ओढणार नाही. तिला भरून आलं. मला वाक्यातला 'गाडीत' तेवढा ऐकू आला. पण बायकोच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिला व्याकरण शिकवणारी मी कोण.

या वेळी त्यांनी काम नीट केलं, हेही सांगते. भंडाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. तिथे सीट उपसून धुतल्या, छताच्या कापडाला वाफ दिली, एसीची जाळी काढून दाखवली तर ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी होती, ती फेकून नवी बसवली. काचांच्या आतल्या बाजूवरून फडकं फिरवलं तर पिवळं पाणी निघालं. लक्ष्मणरावांनी त्या पाण्याचा फोटो काढून आणला आणि मला दाखवला, जणू ते पाणी दुसऱ्या कोणी गाडीत आणून ओतलं होतं. गाडी घरी आल्यावर त्यांनी मला आत बसवलं, काचा लावल्या आणि वास घे म्हणाले. मी घेतला. खरंच काही नव्हतं. नव्या चटईसारखी, साधी, कोरडी हवा होती. मी तसं सांगितलं तेव्हा ते इतके खुलले की मला एकदम त्यांचं कौतुक वाटलं. मग ते गाडीला कुलूप लावून पायी घाटावर गेले.

आता ते सगळीकडे पायी जायचे. प्रकृतीला बरं असतं म्हणायचे. येताना वेलची चघळत यायचे, आणि गाडीत बसायच्या आधी सदरा झटकायचे. गाडीची एवढी काळजी मी कोणाला घेताना पाहिली नाही. आत पाय ठेवताना चपला काढायचे.

रुचिकाला मुलगी झाली. फोन आला तेव्हा लक्ष्मणरावांनी दुकान बंद केलं आणि रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगत घरी आले. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी गाडी फुग्यांनी सजवायची होती त्यांना, शोभाताईंनी नको म्हटलं म्हणून फक्त मागच्या सीटवर कोशाचा नवा रुमाल अंथरला. मलाही सोबत नेलं, बाळंतिणीचं सामान धरायला. मी मागच्या सीटवर रुमालाच्या एका कडेला चोरासारखी बसून भंडाऱ्याला गेले. वाटेत एकदाही त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. शोभाताई दर थोड्या वेळानं त्यांच्याकडे पाहून घेत होती आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत एवढा मोकळा पाहिला नव्हता.

दवाखान्यात कागदपत्रांना वेळ लागला. ते काम जावई करत होता, अश्विन, शांत पोरगा आहे. लक्ष्मणराव म्हणाले, मी जरा गाडी सावलीत लावून येतो. गाडी सावलीतच होती. ते बऱ्याच वेळानं आले, तोंडात वेलची, डोळ्यांत आनंद. मला समजलं. नात झाल्याचा आनंद होता तो, आणि त्यांच्या आनंदाला एकच रस्ता माहीत होता.

रुचिका लेकराला छातीशी धरून हळूहळू चालत गाडीपर्यंत आली. दार उघडल्यावर आधी तिनं डोकं आत घातलं. ती आत बसली. इकडे तिकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि हसली. "बाबा, काहीच येत नाही," म्हणाली. "खरंच साफ केली तुम्ही." शोभाताई तिच्या बाजूला बसली. अश्विननं पिशव्या ठेवल्या. लक्ष्मणरावांनी चपला काढल्या, स्टिअरिंगवर बसले, दार ओढून घेतलं, आणि नातीचं तोंड पाहायला मागे वळले.

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते मी पुढचं दार उघडताना पाहिलं. तिनं लेकराच्या तोंडावर पदर ओढला. मग अगदी हळू, मोठ्या माणसाशी बोलावं तशा आदरानं म्हणाली, "बाबा, गाडी साफ झाली. आता तुम्ही उतरा."

ते उतरले. वाद घातला नाही, भोजराजचं नाव घेतलं नाही. चपला हातात घेऊनच उतरले. अश्विन अवघडून गेला होता, पण रुचिकानं नुसतं पाहिलं आणि तो स्टिअरिंगवर बसला. पुढच्या सीटवर मला जागा होती. पण त्या माणसाला तिथे चपला हातात धरून उभं पाहिलं आणि माझा पाय उचलला नाही. मी म्हटलं, जा तुम्ही, मी यांच्यासोबत एसटीनं येते. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते तिच्याकडे पाहत होते. इतक्या दिवसांत त्यांच्यावर वापरायला मी किती बोलणी जमा करून ठेवली होती. एकही तोंडात आलं नाही.

पवनीच्या एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. गाडी भरलेली, खिडक्या खडखडत होत्या. बराच वेळ ते समोरच्या सीटच्या दांडीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "वहिनी, माझ्या अंगाचा वास येते काय?"

"येते भाऊजी."

"आताही?"

"रोजच येते."

त्यांनी मान हलवली. पवनीच्या बसस्टँडवर उतरल्यावर सिगारेटचं पाकीट फेकून देतील असं मला वाटलं होतं, पण भरलेलं पाकीट व्यापाऱ्याच्या हातानं फेकवत नाही. त्यांनी ते स्टँडवरच्या पानठेल्यावर परत दिलं. ठेलेवाला म्हणाला, फोडलेलं घेत नाही. तर म्हणाले, ठेव तसंच.

घरी पोचल्यावर ते थेट न्हाणीत गेले. आत बादल्या किती वेळ वाजत होत्या. डोक्यावरून पाणी घेऊन, नवं धोतर, नवं बनियान घालून, ओल्या केसांनी ते बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत यायचं नाव घेईनात. रुचिका खाटेवर बसली होती. तिचे डोळे लाल होते, रस्त्यात रडली असावी. ती म्हणाली, "या बाबा. बसा." आणि ते खाली मांडी घालून बसल्यावर तिनं स्वतः उतरून लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं.

ती नात केवढी, दोन ओंजळींएवढी. लक्ष्मणराव श्वाससुद्धा दुसऱ्या बाजूला तोंड करून घेत होते. पोरीनं डोळे न उघडता हात हलवला, आणि त्यांचं बोट तिच्या मुठीत आलं. नवं लेकरू मूठ किती घट्ट धरतं ते पाहून ते हसले, आम्ही सगळ्या हसलो. शोभाताई म्हणाली, सोडत नाही पाहा बरं आता. पोरीनं ते बोट ओढत ओढत तोंडाशी नेलं आणि चोखायला लागली.

उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट होतं ते. नखापासून पेरापर्यंत हळदीसारखं पिवळं, वर्षानुवर्षांच्या धुरानं. इतक्या आंघोळीनंतरही तसंच.

त्यांनी बोट असं हिसकलं की लेकरू दचकून टाहो फोडून रडायला लागलं. "धुतो," एवढंच म्हणाले, नातीला रुचिकाच्या हातात दिलं आणि उठून न्हाणीकडे पळाले.

बऱ्याच वेळानं नळ वाहतच आहे म्हणून शोभाताईंनी मला पाहायला पाठवलं. ते न्हाणीत उकिडवे बसले होते. काथ्यानं, साबणानं, राखेनं ते बोट घासत होते. कातडी सोलून लाल झाली होती आणि त्या लालीत पिवळा रंग तसाच होता.

"जात नाही वहिनी," ते म्हणाले.

मी नळ बंद केला. आत लेकरू अजून रडत होतं.